सत्तर-तीसचा कॅन घेऊन नाशिकला

नाशिकच्या एका औषध कारखान्यानं मला फसवलं, आणि मी उस्मानभाईंना फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर झाल्या. त्या कागदावर सही माझी आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. पुढं कुणी म्हणायला नको की निकमनं स्वतःचं तेवढं झाकलं.

लोक दुबई-बँकॉक करून येतात आणि तिथल्या इमारतींवर पानंच्या पानं लिहितात. माझा प्रवास सटाणा ते नाशिक, चार दिवसांचा. रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा असेल. पण ज्या दोन खोल्यांत मी जाऊन आलो तिथं तुम्ही गेला नसाल, आणि छोटा धंदा करत असाल तर एक ना एक दिवस तुम्हालाही जावं लागेल. म्हणून लिहितो.

मी सटाण्याला हात निर्जंतुक करायचं द्रावण बनवतो. सुरुवात सायकलला पिशव्या अडकवून दारोदार फिनेल विकण्यापासून झाली. आज माझी स्वतःची शेड आहे, त्यात स्टीलच्या दोन टाक्या आहेत. सत्तर भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, तीस भाग शुद्ध पाणी. इंजेक्शनच्या आधी दवाखान्यात दंडावर जो गार बोळा फिरवतात, तोच माल. औषध कारखाने त्यानं यंत्रं पुसतात. आम्ही त्याला नुसतं 'सत्तर-तीस' म्हणतो. मिश्रण करतात उस्मानभाई. अकरा वर्षं तेच करतात. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, बोलणं कमी, हात पक्का.

नाशिकच्या त्या कारखान्याला आम्ही बरीच वर्षं माल देत होतो. त्यांनी गेल्या वर्षी एक नवं यंत्र घेतलं. हातात धरायचं, पिस्तुलासारखं. मालाची छोटी काचेची बाटली त्याच्या खाचेत ठेवायची, खटका दाबायचा, आतून लाल लेसर पडतो आणि परत फिरलेल्या उजेडावरून यंत्र सांगतं की बाटलीत काय आहे. रामन पद्धत म्हणतात तिला. पूर्वी ते आमचा माल घनता मोजून घ्यायचे आणि माल दर वेळी पास व्हायचा. यंत्र आल्यावर पहिल्याच खेपेला पडद्यावर लाल अक्षरं आली: 'फेल'. पत्र आलं की मालात भेसळ आहे.

भेसळ! मी फिनेलच्या बाटलीतसुद्धा कधी जास्तीचं पाणी घातलं नाही.

मी फोनवर भांडलो. तिकडचे गुणवत्ता विभागाचे साहेब मात्र लोण्यासारखे बोलले. "निकमजी, एवढं कशाला ताणता? एक साधं पत्र द्या. ऑपरेटरकडून मिश्रणात चूक झाली, ऑपरेटरला कमी केलं आहे. फाइल बंद होते, माल सुरू होतो. सगळे असंच देतात." मी आयुष्यभर घासाघीस करून इथवर आलो. कागदाच्या एका तुकड्यावर काम होत असेल तर सौदा स्वस्त, असा विचार केला. ऑपरेटरचं नाव लिहायचं होतं. लिहिलं: शेख उस्मान. त्यांना सांगितलं नाही. ते शेजारच्याच शेडमध्ये टाकी धूत होते.

फाइल बंद झाली नाही. उलट दुसरं पत्र आलं: 'पुरवठादारानं चूक मान्य केली असल्यामुळे पुरवठा स्थगित.'

सोमवार

सटाण्याच्या कॉलेजातल्या एका मास्तरांनी सांगितलं की नाशिकला देवरे मॅडम म्हणून एक प्राध्यापिका आहेत, त्या अशाच द्रवांच्या मिश्रणांवर रामन यंत्रानं काम करतात. त्यांना फोन केला, बुधवारची वेळ मिळाली. आधी कारखान्यात जाऊन तोंडावर विचारायचं आणि मग त्यांच्याकडे, असं मी ठरवलं. त्याच खेपेतला राखून ठेवलेला पाच लिटरचा सीलबंद कॅन घेतला, पिकअप काढली. चालवायला उस्मानभाई. मिश्रणाचा प्रश्न आला तर उत्तर द्यायला तेच हवेत, हे मी त्यांना सांगितलं. पत्राचं पोटातच ठेवलं.

देवळ्यापर्यंत रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर. एकाच्याही मागच्या दिव्याला काच नाही. चांदवडला डोंगराची ती दातेरी रांग सुरू झाली की मला नेहमी बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही. पिंपळगावच्या पुढं द्राक्षबागा. घडांना एकेक करून कागद गुंडाळले होते.

"इतकं तर आम्ही पोरांना बी गुंडाळलं नाय," उस्मानभाई म्हणाले.

"परदेशात जातात ते. तिकडं डाग चालत नाही."

"डाग तर इथं बी चालत नाय, शेठ. आपल्यावर लागलाच ना." आणि गाडीचा गिअर बदलला. त्यांच्या दृष्टीनं डाग आमच्या दोघांवर लागला होता. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागं एक जुनं लॉज आहे. मालकाशी भाड्यावरून पाऊण तास भांडलो, खिडकीची खोली मिळवली, आणि वर चढताना त्यानं कॅनवरच्या चिठ्ठीवर 'अल्कोहोल' वाचलं.

"ओ काका, हे इथं चालणार नाही. तीर्थक्षेत्र आहे हे."

"पिण्याचं नाही ते. हात धुवायचं आहे."

"सगळे असंच सांगतात. परवा एकानं खोकल्याचं औषध सांगितलं होतं."

"अहो, हे पिणारा सकाळी तुमचं भाडं द्यायला उरणार नाही."

हे ऐकल्यावर त्यानं भाडं आगाऊ मागितलं. शेवटी उस्मानभाई त्याला म्हणाले, "भाई, मैं तो वैसे भी नहीं पीता. कॅन माझ्या पलंगाखाली ठेवतो." तेवढ्यावर तो मानला. माझ्या शब्दावर माणूस मानत नाही, त्यांच्या शब्दावर मानतो, हे मला तेव्हाच जरा टोचलं.

मंगळवार

पहाटे चारलाच खाली कोथिंबिरीच्या जुड्यांचे लिलाव सुरू झाले. खिडकीची खोली मी का भांडून घेतली, असं झालं. आठला मिसळ खायला गेलो. आमच्याकडे सकाळी पोहे नाहीतर भजी उभ्यानं खाऊन माणूस कामाला लागतो. नाशिककर मिसळीसाठी गाडी काढून शेतात जातात, झाडाखाली खाटेवर बसतात, पापड, दही, जिलेबी असं ताट मांडून घेतात आणि शेवटी रस्सा पुन्हा पुन्हा मागतात. रस्सा झणझणीत होता, हे मान्य करतो. जिलेबी मी मागितली नव्हती आणि तिचे पैसे लावले होते, यावर मी भांडलो आणि जिंकलो. त्या दिवशी मी जिंकलेली ती एकमेव गोष्ट.

सातपूरला कारखान्याच्या गेटवर रखवालदारानं आमची आधार कार्डं घेतली आणि संगणकात नावं घातली. माझा पास छापून आला. उस्मानभाईंचा आला नाही.

"यांना आत जाता येणार नाही."

"का? चपला आहेत म्हणून? बूट आहेत गाडीत."

"नाव बंद आहे यांचं."

"कुणी बंद केलं?"

माणूस वाईट नव्हता. त्याला वाटलं, नीट सांगावं. त्यानं चष्मा पुढं घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "शेख उस्मान, ऑपरेटर. मिश्रणात चूक. पुरवठादाराच्या पत्रानुसार कामावरून कमी. प्रवेश नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पत्र तुमच्याच कंपनीचं आहे ना, साहेब?"

मागं दोन टेम्पो हॉर्न मारत होते. उस्मानभाईंनी आधार कार्ड परत घेतलं, खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं.

"तुम्ही आत जा, शेठ. टाइम होईल," एवढंच म्हणाले.

आत साहेबांची काचेची केबिन. गार पाणी, बिस्किटं. मी बिस्किटाला हात लावला नाही.

"फोनवर तुम्ही म्हणालात, पत्र द्या, फाइल बंद होईल."

"मी मार्गदर्शन केलं, निकमजी. लिहिलं तुम्ही."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. विसरणारही नाही.

"माल चांगला आहे. यंत्र चुकतंय."

"यंत्राला तुमचं-माझं काही नसतं." त्यांनी ते पिस्तूल मागवलं. माझ्यासमोर आमच्या मालाची बाटली खाचेत ठेवली, खटका दाबला. लाल ठिपका. थोडा वेळ गेला. 'फेल'.

मी बाजारात तराजू घेऊन वाढलो. कुणी काटा दाखवला की मी आधी वजनाचं माप उचलून बघतो. विचारलं, "चांगला माल कसा दिसतो हे या यंत्राला कुणी शिकवलं?"

"नोंद भरलेली असते ना आत. आयसोप्रोपिलची."

"किती टक्क्यांच्या?"

"शुद्ध. शंभर टक्के."

"आणि तुम्ही माझ्याकडून मागवता किती?"

"सत्तर." ते हसले, पोराला समजावल्यासारखं. "अहो, रामनमध्ये पाण्याचा उजेड फार क्षीण असतो. पाणी जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तर ही पद्धत सोयीची. पाणी वगळलं की उरतं ते आयसोप्रोपिल, आणि ते शुद्धासारखंच दिसायला हवं. तुमचं तसं दिसत नाही."

ऐकायला अगदी बरोबर. उत्तर येत नाही तेव्हा मी आवाज चढवतो, तसा चढवला, आणि मला नम्रपणे बाहेरपर्यंत सोडण्यात आलं.

उस्मानभाई समोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. गार होऊन वर साय आली होती.

"पत्र कवा दिलं?"

"पंधरा-वीस दिवस झाले."

"म्हणजे कामावरून काढलेला माणूस पंधरा-वीस दिवस तुमचा माल घोटत व्हता. फुकट गेला म्हणा ना पगार." हसले नाहीत. "शेठ, ऑफिसात तुमचा भाऊ बी बसतो. हाताला त्याचं नाव नाय आलं?"

मी म्हणालो की साहेबांनीच तसं सांगितलं होतं, सगळेच तसं देतात, नुसता कागद होता.

"नुसता कागद हाय तर गेटवाला आत का सोडत नाय?"

चहा प्यायलो. रस्त्यानं पेरूवाला गेला, तिखट-मीठ लावलेल्या फोडी घेऊन. मी भाव विचारला नाही आणि दोन घेतले. त्यांनी त्यांचा पेरू खाल्ला नाही.

संध्याकाळी ते सटाण्याला एसटीनं परत जातील, असं मला वाटलं. गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "कॅन माझ्या पलंगाखाली हाय. लॉजवाल्याला शब्द दिलाय."

बुधवार

देवरे मॅडमची प्रयोगशाळा कॉलेजच्या तळमजल्यावर, काळे पडदे लावलेली, थंडगार. चपला बाहेर. मधे लोखंडी जड टेबल, त्यावर आरसे, भिंगं आणि एक हिरवा लेसर, ज्याकडे बघायचं नाही असं तीनदा बजावलं गेलं. मॅडम चाळिशीच्या, केस वर बांधलेले, बोलणं भरभर. माझं दोन वाक्यं बोलून व्हायच्या आत म्हणाल्या, "सटानाना शेतस का? मनं माहेर ताहाराबाद शे." त्यांची अहिराणी ऐकून माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा फीसाठी राखून ठेवला होता.

"फी किती?"

"फी नाही."

"थोडी तरी सांगा, म्हणजे कमी करता येईल."

"नाही म्हणजे नाही, भाऊ. पण मिश्रणं तुम्ही इथं माझ्यासमोर तयार करायची. आणि मोजमाप माझ्या अभ्यासात वापरू द्यायचं."

ज्या गोष्टीला भावच नाही तिच्याशी मी कधी व्यवहार केला नव्हता. मुकाट्यानं हो म्हणालो.

अकरा छोट्या बाटल्या. पहिलीत नुसतं पाणी, शेवटचीत नुसतं आयसोप्रोपिल, मधे दहा-दहाच्या पायरीनं चढतं प्रमाण. मोजायचं काम उस्मानभाईंनी घेतलं. काचेच्या बारीक नळीनं थेंब थेंब, डोळे रेषेच्या समोर आणून, श्वास धरून.

"हात चांगला आहे तुमचा," मॅडम म्हणाल्या. "माझे विद्यार्थी दोनदा सांडतात."

"अकरा साल हेच केलं, मॅडम. आता कामावरून काढलंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हिरव्या लेसरकडे पाहिलं, आणि मला ओरडा बसला.

मग मोठ्या नळकांड्यात त्यांनी सत्तर माप आयसोप्रोपिल आणि तीस माप पाणी ओतायला लावलं. उस्मानभाईंनी ओतलं. पातळी शंभरच्या रेषेला पोचली नाही. स्पष्ट दिसेल इतकी खाली राहिली.

"बघा," उस्मानभाई म्हणाले. माझ्याकडे न बघता.

हे 'बघा' कशाचं ते सांगतो. प्रत्येक घाण्याला आमच्या टाकीत माल थोडा कमी भरायचा, आणि दर महिन्याला मी त्यांना ऐकवायचो, "उस्मानभाई, बाकीचं कुठं मुरलं?" ते म्हणायचे, "पाणी त्याला खातं, शेठ." मी हसायचो, पण ते हसणं काही स्वच्छ नव्हतं. अकरा वर्षं.

"बरोबर आहे त्यांचं," मॅडम म्हणाल्या. "पाण्याचे रेणू आणि अल्कोहोलचे रेणू एकमेकांना धरतात. जवळ येतात. जागा कमी लागते. काहीही उडालेलं नाही, कुणी नेलेलं नाही. वजन करा, भरेल."

वजन केलं. भरलं.

मग पडद्यावर त्या रेघा दिसल्या. नुसत्या आयसोप्रोपिलची रेघ म्हणजे चांदवडची रांगच: एक उंच सुळका, बाजूला बुटके, आणि पार उजवीकडे एकमेकांना चिकटलेले तीन-चार. पाण्याची रेघ म्हणजे जवळजवळ सपाट रान, उजवीकडे टोकाला एक पसरट टेकाड. मॅडम एकेक बाटली लावत गेल्या. पाणी वाढत गेलं तसा उंच सुळका डावीकडे सरकत गेला. केसभर, पण सरकत गेला. उजवीकडचे मात्र आणखी उजवीकडे गेले. मी खुर्ची ओढून पुढं बसलो. अकरा रेघा एकाखाली एक लावल्या तेव्हा तर ओळीनं पावलं टाकल्यासारखं दिसलं.

"कारखान्यात म्हणतात, पाणी दिसत नाही," मी म्हणालो.

"पाणी दिसत नाहीच फारसं. पण पाण्यानं धरलेला अल्कोहोल दिसतो ना! ज्याला कुणी धरलंय तो रेणू मोकळ्या रेणूसारखा थरथरत नाही. थरथर बदलली की सुळका सरकतो." त्यांनी संगणकावर शुद्ध पाण्याची रेघ आणि शुद्ध अल्कोहोलची रेघ सत्तर-तीसच्या हिशेबानं एकत्र केली आणि खऱ्या मिश्रणाच्या रेघेवर ठेवली. जुळली नाही. "हा जो फरक उरला, तोच माझा अभ्यास. सहा वर्षं यातच गेली."

"आणि भेसळ असती तर?"

त्या उठल्या, कपाटातून मिथेनॉलची बाटली काढली, आमच्या मिश्रणात थोडं टाकलं आणि पुन्हा लेसर लावला. आधी जिथं काहीच नव्हतं तिथं एक नवा सुळका उभा राहिला. "भेसळीनं नवा सुळका येतो. शेजार बदलला तर जुना सरकतो. दोन्हींत घोळ घालू नये."

शेवटी आमच्या सीलबंद कॅनचं सील त्यांनी स्वतः फोडलं. त्यातल्या मालाची रेघ उस्मानभाईंनी नुकत्याच केलेल्या सत्तर-तीसच्या रेघेवर ठेवली. एकावर एक. दोन रेघा आहेत हे ओळखू येईना. नवा सुळका कुठंही नाही.

मी टेबलावर हात आपटणार होतो, पण आरसे होते. "मॅडम, एवढं एक वाक्य लिहून द्या की कारखान्याची चूक आहे."

"मी मोजलं ते लिहीन. कारखाना मी पाहिलेला नाही."

"अर्धं वाक्य?"

"भाऊ, न पाहिलेल्या माणसावर सही करून ठपका ठेवायचा नसतो."

त्यांना पत्राबद्दल काही माहीत नव्हतं. उस्मानभाई बाटल्या धुऊन उलट्या ठेवत होते. पाणी चालू होतं, त्यामुळे त्यांनी ऐकलं की नाही ते मला कळलं नाही.

गुरुवार

पुन्हा सातपूर, पुन्हा गेट. माझा पास आला. उस्मानभाई गाडीतच बसले, उतरलेसुद्धा नाहीत.

साहेब शिकलेले आहेत, हे मी नाकारत नाही. मॅडमचे आलेख त्यांनी पाच मिनिटं पाहिले आणि कान लाल झाले. पिस्तूल मागवलं, काही बटणं दाबली, मॅडमकडून आणलेल्या सत्तर-तीसच्या बाटलीची नवी नोंद त्यात भरली आणि मग कारखान्यात पडून असलेल्या आमच्या मालाची बाटली खाचेत ठेवली. 'पास'. हिरवी अक्षरं.

चहा यायच्या आत झालं सगळं! तेवढ्या कामासाठी मला भेसळखोर ठरवलं होतं. जे मिश्रण तुम्ही स्वतः मागवता, तेच यंत्राला दाखवायचं एकाही माणसाला सुचलं नाही. आणि ज्याला सुचायला हवं होतं तो मला पत्राचा मसुदा सांगत होता.

"अभिनंदन, निकमजी," साहेब म्हणाले. "सोमवारपासून माल सुरू करा."

"आणि आधीचं?"

"ते आता उकरू नका. ती फाइल मानवी चूक या कारणाखाली बंद करतो. आमच्याकडे प्रत्येक नापास मालाला मूळ कारण लिहावं लागतं, आणि लिहिलेलं कारण बदललं तर वरपर्यंत सगळे विचारतात. कशाला? तुमचा माल चालू, आमचं काम चालू."

"उस्मानभाईंचं नाव?"

"ते राहू द्या ना. गेटपुरतं तर आहे. मालाबरोबर दुसरा माणूस पाठवा."

सौदा चांगला होता. ज्यासाठी नाशिकला आलो ते सगळं समोर टेबलावर होतं. असे सौदे मी आयुष्यभर दोन्ही हातांनी उचलले आहेत आणि त्यावरच माझी शेड उभी आहे. उचलावासा वाटला नाही असं मी म्हणणार नाही. वाटला. पण हातात देवरे मॅडमचे कागद होते आणि पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं होतं: 'मिश्रणे तयार करणारे: श्री. शेख उस्मान.' त्यांनी विचारून, नीट लिहून घेतलं होतं. मी मात्र ते नाव न विचारता लिहिलं होतं.

एक कोरा कागद मागितला. लिहिलं: 'माझे आधीचे पत्र खोटे आहे. शेख उस्मान यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही. त्यांना कामावरून कमी केलेले नाही. ते पत्र मी स्वतः, त्यांना न विचारता, माल सुरू व्हावा म्हणून दिले.' खाली सही.

साहेबांनी वाचलं. "निकमजी, हे दिलंत तर तुम्ही आम्हाला खोटा कागद दिलात असं होतं. खोटा कागद देणारा पुरवठादार आमच्या नियमात बसत नाही. सोमवारचं विसरा मग."

"असं होतं काय, तसंच झालेलं आहे. पोच द्या."

"पोच कशाला?"

"मागच्या पत्राला कुणी मागितली नव्हती, म्हणून."

शिक्का मारायला अर्धा तास लावला. मी हललो नाही. पोच घेऊन बाहेर आलो आणि ती उस्मानभाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचली, चार घड्या करून आधार कार्डाबरोबर ठेवली.

"तुमचं नाव नीट लिहिलंय ना त्यात?" मी विचारलं.

"माझं नीट हाय. तुमचं खराब झालं."

"ते आधीच झालेलं होतं."

त्यांनी गाडी सुरू केली. मग म्हणाले, "डिझेल भरावं लागंल. आडगावच्या पुढं भरू." त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते तसं म्हणालेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आले, टाकी भरली आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "तीन लिटर कमी हाय, शेठ. लिहून घ्या." मी लिहून घेतलं.

आज दोन महिने होत आले. कारखान्याचं उत्तर नाही. आमचा माल तिथं जात नाही. ओळखीच्या एका टेम्पोवाल्याला मी गेटवर मुद्दाम विचारायला लावलं. संगणकात शेख उस्मान अजून बंदच आहेत, तीच ओळ, तेच कारण.

तर साहेब, हे वाचणारं कुणीतरी तुमच्या ओळखीचं असेल, नाहीतर तुम्हीच वाचत असाल. मी माझं खोटं सहीनिशी लिहून दिलं, तुमचा शिक्का घेतला, ग्राहक घालवला. माझा भाग झाला. आता तुमचा. तुमच्या फाइलमध्ये 'मानवी चूक' लिहिलं आहे, ते खोडू नका. चूक माणसाचीच होती. फक्त माणसाच्या जागी खरं नाव घाला. सत्तरचा माल मागवून यंत्राला शंभरचा कुणी दाखवला? आणि ते कळल्यावरही दुसऱ्याचं नाव तिथं कुणी राहू दिलं? त्या माणसाचं नाव, हुद्दा, सही. उत्तर मला पाठवू नका. शेख उस्मान यांना पाठवा, आणि पोच मागून घ्या.